गानचा तळ सोडला, ही ब्रिटिशांची चूक होती का?

पानगळ

मालदीवला जाणारा मराठी माणूस सहसा मालेजवळच्या एखाद्या रिसॉर्टवर चार दिवस पाण्यात पाय सोडून बसतो आणि परत येतो. मी जानेवारीत हट्टाने आणखी एक विमान पकडलं आणि मालेच्या दक्षिणेला साडेपाचशे किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या पलीकडे, अड्डू कंकणद्वीपातल्या गान बेटावर उतरलो. (नाव गान असलं तरी गाण्याशी संबंध नाही.) बेट चालत तासाभरात पालथं घालता येतं. त्यातला बराचसा भाग एकटी धावपट्टीच खाते, अडीच किलोमीटरहून लांब. कडेला दोन जुन्या तोफा आणि एक युद्धस्मारक. मी राहिलो ते हॉटेल म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची, म्हणजे आरएएफची, जुनी मेस. ओळीने बैठ्या खोल्या, पुढे पडवी, एखाद्या सरकारी विश्रामगृहासारखं सगळं.

तिथून आल्यापासून वाचतोय आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. या तळाची आठवण काढणारे बहुतेक जण गोऱ्या सैनिकांच्या गमतीजमती सांगतात. एक वर्षाची नेमणूक, बायकामुलांना परवानगी नाही, सहाएकशे पुरुष आणि बेटावर एकच बाई, तीही कल्याण संस्थेची. ते ठीक. पण तळाचं सामरिक महत्त्व किती होतं आणि ते सोडून देण्यात शहाणपण होतं का, यावर फारसं कुणी बोलत नाही.

थोडक्यात इतिहास. १९४१ मध्ये रॉयल मरीन्सनी इथे गुपचूप नौदलाचा तळ उभारला, सांकेतिक नाव ‘पोर्ट टी’. महायुद्ध संपल्यावर तो आवरला. १९५६ मध्ये सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, बंडारनायके निवडून आले आणि त्यांनी ब्रिटिशांना कातुनायके आणि त्रिंकोमालीच्या तळांतून निघायला सांगितलं. एडनहून सिंगापूरला जाणारी विमानं आता उतरणार कुठे? म्हणून पुन्हा गान. नारळाची झाडं तोडली, धावपट्टी टाकली, आणि १९५७ पासून १९७६ पर्यंत ही आरएएफची हिंदी महासागरातली धर्मशाळा झाली. व्हल्कन बॉम्बर, शॅकल्टन, ब्रिटानिया, पुढे व्हीसी-१०, सगळे इथे उतरून तेल भरून पुढे जायचे. २९ मार्च १९७६ ला झेंडा उतरवला.

आता माझा मुद्दा. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, सोव्हिएत संघाने मालदीवपुढे प्रस्ताव ठेवला: गान आम्हाला भाड्याने द्या, वर्षाला दहा लाख डॉलर देतो. कारण सांगितलं मासेमारीच्या ताफ्याचं. राष्ट्राध्यक्ष इब्राहिम नासिर यांनी नकार दिला म्हणून बरं. म्हणजे लंडनच्या हिशेबवह्यांत ज्या जागेची किंमत शून्य झाली होती, ती दुसऱ्याला वर्षभरात दहा लाखांची वाटत होती. तळाची किंमत तो वापरण्यात असते तेवढीच तो दुसऱ्याला मिळू न देण्यात असते. भरल्या घरात चोर शिरत नाही, कुलूप लावलेल्यात शिरतो. माझ्या मते गान सोडणं ही पैसे वाचवण्याच्या नादात केलेली चूक होती. आणि हिंदी महासागर ‘शांतताक्षेत्र’ करा म्हणून तेव्हा संयुक्त राष्ट्रांत घसा कोरडा करणाऱ्या आपण भारतीयांनीही या रिकाम्या धावपट्टीकडे पुरेसं लक्ष दिलं नाही.

तुम्हाला काय वाटतं?

खडूसकाका

धागा चांगला जमलाय, धावपट्टीच्या वर्णनासकट. निष्कर्षाशी मात्र साफ असहमत.

गान हा तळ नव्हताच, थांबा होता. तुम्हीच धर्मशाळा म्हणालात. धर्मशाळेचं महत्त्व यात्रा चालू असेपर्यंत. जानेवारी १९६८ मध्ये विल्सन सरकारने जाहीर केलं की सुएझच्या पूर्वेकडून फौजा काढणार. १९६७ लाच एडन सुटलं होतं. नंतरच्या सरकारने थोडं लांबवलं, पण सिंगापूरची छावणीही आवरत आली. एका टोकाचं गाव उठलं, दुसऱ्या टोकाचंही उठलं, मग मधला एसटीचा थांबा राखायला कंडक्टर ठेवायचा का? त्यात विमानांचा पल्ला वाढत होता. पन्नासच्या दशकात हेस्टिंग्ज विमान टप्प्याटप्प्याने धापा टाकत जायचं, सत्तरच्या दशकात ती गरजच कमी झाली. डिसेंबर १९७४ मध्ये संरक्षणमंत्री रॉय मेसन यांनी खर्चाला कात्री लावली, तेव्हा ब्रिटनची आर्थिक अवस्था काय होती ते आठवा. ज्यांचं स्वतःचं घर गळतंय त्यांनी विषुववृत्तावरच्या बेटावर सहाशे माणसं कशासाठी पोसायची? बाई एकच म्हणून खर्च कमी, असं तर नव्हतं!

आणि तो रशियन प्रस्ताव. नासिरनी ‘नाही’ म्हटलं, विषय संपला. ब्रिटिशांचा एकही शिपाई तिथे नसताना संपला. मग तुमचा मुद्दा सिद्ध झाला की माझा?

पानगळ

काका, नासिर नाही म्हणाले हे नशीब, धोरण नव्हे. दुसऱ्याच्या मर्जीवर आपली सुरक्षा सोडायची का, हा प्रश्न आहे.

आणि ‘नुसता थांबा’ हे १९५७ नंतरचं झालं. १९४२ कसं विसरता? मार्चअखेर ॲडमिरल सॉमरव्हिलनी ईस्टर्न फ्लीटची सूत्रं हाती घेतली. हाताशी काय, तर वॉरस्पाइट, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चार म्हाताऱ्या युद्धनौका आणि तीन विमानवाहू. समोरून पर्ल हार्बर केलेला जपानी ॲडमिरल नागुमो पाच विमानवाहू नौका घेऊन येत होता. हल्ला १ एप्रिलच्या सुमारास होणार अशी खबर होती. ताफ्याने तीन दिवस सिलोनच्या दक्षिणेला वाट पाहिली, काही आलं नाही, जहाजांचं पाणी आणि तेल संपत आलं. ४ एप्रिलला ताफा अड्डूत शिरला आणि त्याच दुपारी कॅटालिना विमानातून बर्चल या कॅनेडियन वैमानिकाला जपानी ताफा दिसला. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बॉम्ब पडले. ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर. जपान्यांना ब्रिटिश ताफा कुठे सापडलाच नाही, कारण अड्डूत असा काही तळ आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. हिंदी महासागरातलं ब्रिटिश नौदल त्या आठवड्यात शिल्लक राहिलं ते या बेटामुळे.

खडूसकाका

शिल्लक राहिलं, पण काय करून? लपून. तळाचं काम काय असतं, ताफ्याला लढण्याच्या जागेजवळ ठेवणं. अड्डूपासून कोलंबो सहाशे सागरी मैल. ताफा तेल भरायला अड्डूत आला आणि दुसऱ्या दिवशी कोलंबो होरपळलं. त्याच दिवशी कोलंबोहून ताफ्याला मिळायला निघालेल्या डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या दोन क्रूझर बुडाल्या, चारशेच्या वर माणसं गेली. चार दिवसांनी हर्मिस ही विमानवाहू नौका बुडाली. तुमचा पोर्ट टी यातलं काहीच थांबवू शकला नाही. खुद्द सॉमरव्हिलला ती जागा आवडत नव्हती. हवाई संरक्षण नाही, आजारपण भरपूर. १९४१ ला उतरलेल्या मरीन्सपैकी कितीतरी जण मलेरिया आणि स्क्रब टायफसने आडवे झाले होते.

‘सापडला नाही’ हे नकाशावरच्या दुर्लक्षित ठिपक्याचं यश आहे. एकदा सगळ्यांना ठिपका कळला की ते संपलं. १९५७ नंतर तर सगळ्या जगाला माहीत होतं.

बोरू

वाचतोय. दोन्ही बाजू मस्त. पॉपकॉर्नऐवजी भडंग घेऊन बसलोय.

तांडेल

तीस वर्षं जहाजावर इंजिनात काढली, आता रत्नागिरीत बसून समुद्र खिडकीतून बघतो. म्हणून दोन शब्द.

पानगळ, ‘सामरिक महत्त्व’ म्हणताना लोक नकाशावर बोट ठेवून ‘बघा, हिंदी महासागराच्या ऐन मध्यावर’ असं म्हणतात. मध्यावर असणं आणि वाटेवर असणं यात फरक आहे. सुएझकडून मलाक्काकडे जाणारी आमची वाट अड्डूजवळून जातच नाही. ती लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटाच्या वरून किंवा खालून, नाइन डिग्री नाहीतर एट डिग्री चॅनेलने, आणि मग श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून मलाक्काला जाणारं जहाज बऱ्याचदा वन अँड हाफ डिग्री चॅनेलने जातं, तेसुद्धा अड्डूच्या बरंच उत्तरेला. खरं महत्त्व मिनिकॉयचं, आणि ते आपल्याच ताब्यात आहे. मार्च २०२४ मध्ये नौदलाने तिथे आयएनएस जटायू हा तळ सुरू केला ते उगीच नाही.

पण काका, तुम्हीही अड्डूला फार स्वस्तात काढताय. तुम्ही विमानाच्या नजरेने बघताय. गानची धावपट्टी हा नंतरचा जोड. मूळ दौलत आहे ते लगून. चारी बाजूंनी प्रवाळाची कडा, आत खोल पाणी, आत शिरायला चारच वाटा. अख्खा ताफा आत नांगर टाकून उभा राहू शकतो आणि त्या चार वाटांवर तोफा आणि जाळी लावली की झालं. अशी नैसर्गिक बंदरं महासागराच्या मध्यभागी हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच आहेत.

जाळ्यांवरून आठवलं. त्या लगूनमध्ये ‘ब्रिटिश लॉयल्टी’ नावाचा तेलवाहू टँकर बुडालेला आहे. त्या बिचाऱ्याची पत्रिकाच वाईट. मे १९४२ मध्ये मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात जपानी छोट्या पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाला. वर काढला, आणि तेलाची तरंगती टाकी म्हणून अड्डूत आणून ठेवला. मार्च १९४४ मध्ये जर्मन यू-१८३ पाणबुडीने बाहेरूनच, जाळीतल्या फटीतून, टॉर्पेडो सोडला तो नेमका यालाच लागला. पुन्हा तरंगता केला आणि शेवटी जानेवारी १९४६ मध्ये ब्रिटिशांनी स्वतःच बुडवून टाकला. तीन वेळा बुडालेलं दुसरं जहाज मला तरी माहीत नाही.

तर मुद्दा: बंद बंदर उत्तम, पण जाळीत एक फट पुरते.

पानगळ

तांडेलसाहेब, मिनिकॉयचा मुद्दा मान्य. मी नकाशावर बोट ठेवणाऱ्यांपैकीच आहे, कबूल. पण तुम्ही लगूनबद्दल जे लिहिलंत ते माझ्याच बाजूचं आहे. एवढी निसर्गदत्त जागा एकदा हातून गेली की परत मिळत नाही.

खडूसकाका

तिकडून सात अंश खाली दिएगो गार्सिया बेट आहे की. तिथेही लगून आहे, धावपट्टी आहे, तिथे अमेरिकन आहेत. पाश्चिमात्यांच्या हातून काहीच गेलं नाही, फक्त कुलूप दुसऱ्या दारावर लागलं. म्हणूनच तर म्हणतो, गान सोडणं ही चूक नव्हती, बदली होती.

सुरंगी

इतका वेळ नुसती वाचत होते. आता लिहितेच.

मी दोन वर्षं हितधूच्या शाळेत शिकवलंय. हितधू हे अड्डूतलंच मोठं बेट, गानपासून रस्त्याने जोडलेलं. इथे सगळे तळाची किंमत ठरवताहेत, लंडनसाठी, दिल्लीसाठी, मॉस्कोसाठी. गानमध्ये लोक राहत होते, हे वर एकाही प्रतिसादात आलेलं नाही. धागाकर्त्यांनी नारळाची झाडं तोडल्याचं लिहिलंय, माणसांचं काय झालं ते लिहिलेलं नाही.

गानच्या लोकांना उठवून शेजारच्या फेयधू बेटावर नेलं. फेयधूत जागा पुरेना म्हणून तिथल्या लोकांपैकी कित्येकांना पुढच्या मरधूवर. आजही तिथल्या एका भागाचं नाव मरधू-फेयधू आहे. आपल्याकडे धरणग्रस्तांचं जसं ‘नवं गाव’ होतं, तसं.

तरी अड्डूचे म्हातारे ब्रिटिशांना शिव्या देत नाहीत. उलट गोडवे गातात. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्यांचे वडील चौदाव्या वर्षी मेसमध्ये कामाला लागले होते. सकाळी धोणीने (आपल्या डोणीची बहीण) जायचं, संध्याकाळी परत. पगार रोख. आजारी पडलं की गानचं इस्पितळ. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, आणि चहा चारच्या ठोक्याला.

याच पगारातून १९५९ चं प्रकरण उभं राहिलं. १९५६ मध्ये पंतप्रधान इब्राहिम फामुलादेयरी दीदींनी ब्रिटिशांना गान शंभर वर्षांसाठी दिलं होतं, वर्षाला दोन हजार पौंडांवर. दुसऱ्या वर्षी नासिर पंतप्रधान झाले, त्यांनी हा करार फिरवायला घेतला. तिकडे अड्डूच्या माणसाला रोख पगार मिळत होता, इकडे मालेहून कर आणि बंधनं येत होती. जानेवारी १९५९ मध्ये अड्डूने सरळ स्वातंत्र्यच जाहीर केलं. मग हुवधू आणि फुवमुलाह ही शेजारची कंकणद्वीपं आली, संयुक्त सुवादीव प्रजासत्ताक झालं, अब्दुल्ला अफीफ दीदी राष्ट्राध्यक्ष झाले. ब्रिटिशांना सुरुवातीला ते सोयीचं होतं. पण १९६० मध्ये मालेशी नवा करार झाला: तीस वर्षांची मुदत, विकासासाठी साडेसात लाख पौंड. अड्डूची गरज संपली. हुवधूतलं तिनधू बेट १९६२ मध्ये नासिर यांनी फौजेनिशी जाऊन अक्षरशः ओसाड केलं. सप्टेंबर १९६३ मध्ये अफीफ दीदींना ब्रिटिश युद्धनौकेवर चढवून सेशेल्सला पोचवलं. ते तिकडेच वारले, १९९३ मध्ये.

तेव्हा ‘तळाचं सामरिक महत्त्व’ मोजताना तिनधू कुठल्या रकान्यात लिहायचं ते सांगा.

बोरू

भडंग खाली ठेवलं. ताई, +१.

खडूसकाका

सुरंगीताई, नमस्कार. हे मला माहीत नव्हतं, निदान एवढं सविस्तर नाही.

पण रागावणार नसाल तर म्हणतो, तुमच्या प्रतिसादाने माझीच बाजू पक्की झाली. जो तळ दुसऱ्याच्या घरात असतो तो त्या घरातली भांडणंही ओढवून घेतो. दोन हजार पौंडांची गोष्ट चार वर्षांत साडेसात लाखांवर गेली, मध्ये एक बंड झालं. लंडनमधल्या बाबूंनी विचार केला असेल, नको रे बाबा.

सुरंगी

विचार केला, हो. आणि त्यातून काय निघालं? दिएगो गार्सिया. ‘बदली’ म्हणालात ना, काका? त्या बदलीसाठी काय केलं ते मॉरिशसवाल्यांना विचारा.

कास्कावेलकर

विचारा म्हणालात म्हणून आलो. मी मॉरिशसचा. पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात आले. घरी क्रेओल, मराठी शाळेत आणि गणपतीत. चूकभूल माफ करा.

१९६५ मध्ये आम्ही ब्रिटिश वसाहत होतो. स्वातंत्र्य हवं तर चागोस बेटं (दिएगो गार्सिया त्यांतलंच) सोडा, असा तो सौदा होता. चागोस मॉरिशसपासून तोडलं, १९६६ मध्ये ब्रिटनने दिएगो गार्सिया अमेरिकेला द्यायचा करार केला, आणि १९६८ ते १९७३ च्या दरम्यान तिथली सगळी माणसं हलवली. बरीचशी पोर्ट लुईच्या बंदरावर आणून सोडली. माझ्या आजीच्या वस्तीजवळ चागोसची कुटुंबं राहायची. आजी म्हणायची, त्यांचं सामान म्हणजे एक पेटी आणि एक गादी.

अमेरिकन नौदलात पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासूनच असा विचार चालला होता की तळ अशा बेटांवर करावेत जिथे लोक कमी, म्हणजे राजकारण नाही. बेट रिकामं नसेल तर रिकामं करायचं. गानमध्ये जे झालं ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. तिथे माणसं शेजारच्या बेटांवर ठेवली, त्यांना कामं दिली, तर त्यांनी प्रजासत्ताक काढलं. दिएगो गार्सियात ती चूक केली नाही. गान बंद झालं, दिएगो गार्सिया चालू राहिलं, २०२५ मध्येसुद्धा तिथे बी-२ बॉम्बर येऊन बसले होते.

आता मे २०२५ चा करार पाहा. सार्वभौमत्व मॉरिशसला द्यायचं, तळ ९९ वर्षं भाड्याने, भाडं सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड. गानचं भाडं होतं दोन हजार.

पानगळ

ही तुलना मला सुचली नव्हती. दोन हजार आणि दहा कोटी. महागाई धरली तरी डोळे फिरतात.

सुरंगीताई, गानच्या माणसांबद्दल लिहायचं राहिलं ही माझी चूक. मी त्या पडवीत तीन दिवस बसलो आणि ती कुणाच्या जागेवर आहे हे एकदाही मनात आलं नाही.

तरीही माझा मूळ मुद्दा सोडत नाही, फक्त बदलतो. आता मी असं म्हणेन: तळाची सगळ्यात मोठी सामरिक ताकद म्हणजे आसपासच्या लोकांना तो हवासा वाटणं. अड्डूत ती ब्रिटिशांकडे होती आणि ती त्यांनी दोनदा घालवली, १९६३ मध्ये अफीफ दीदींना बोटीवर चढवून आणि १९७६ मध्ये आठ-नऊशे माणसांचा रोजगार एका दिवशी बंद करून. रशियाचा प्रस्ताव आला तो या पोकळीत.

सुरंगी

हे पटण्यासारखं आहे. फक्त पुढचंही लिहा. ती बेकार झालेली माणसं मालेला आणि रिसॉर्टांवर गेली. मालदीवचं पर्यटन १९७२ ला सुरू झालं होतं, त्यांना इंग्रजी येणारी, टेबल लावता येणारी, पाहुण्याला ‘सर’ म्हणणारी माणसं हवी होती. अड्डूकर तयारच होते. मालदीवच्या हॉटेल धंद्याच्या पायात गानची मेस आहे, असं तिथे गंमतीने म्हणतात, पण ते बरंचसं खरं आहे. रिकाम्या बराकींत पुढे कपड्यांचे कारखाने निघाले, अमेरिकेत कपडे पाठवायचा कोटा संपला तसे तेही गेले.

टग्या_पुणेकर

एवढं सगळं लिहिलंत आणि आजचं कुणीच बोलत नाही? मालदीवमधून भारतीय सैनिक काढा म्हणणाऱ्या ‘इंडिया आउट’वाल्यांनी आपल्या माणसांना काढलं ते कुठून, अड्डूतूनच ना? आपण तेव्हाच गान घ्यायला हवं होतं. १९८८ ला फौज गेलीच होती, तिथेच थांबायचं!

खडूसकाका

बाळा, १९८८ चंच उदाहरण घे. ३ नोव्हेंबरला मालेत भाडोत्री बंडखोर शिरले, राष्ट्राध्यक्ष गय्यूम यांनी मदत मागितली, आग्र्याहून आयएल-७६ विमानांतून छत्रीधारी सैनिक निघाले आणि त्याच रात्री मालेशेजारच्या हुलहुले बेटाच्या धावपट्टीवर उतरले. मालदीवमध्ये आपला एकही तळ नव्हता. बोलावणं होतं आणि विमान होतं. काम झालं, बहुतेक फौज परत आली, आणि म्हणूनच पुढची तीस वर्षं मालदीवी माणूस त्या रात्रीचं चांगलं बोलला. थांबले असते तर ‘इंडिया आउट’ १९८९ लाच निघालं असतं.

तांडेल

काकांशी पहिल्यांदा पूर्ण सहमत. आणि टग्या, अड्डूतून काढलं ते काय, तर एक ध्रुव हेलिकॉप्टर सांभाळणारी काही गणवेशातली माणसं. ते हेलिकॉप्टर २०१० पासून तिथे आहे. दुर्गम बेटांवरून रुग्ण आणणं, समुद्रात हरवलेले शोधणं ही त्याची कामं. मे २०२४ पर्यंत मालदीवमधल्या लष्करी माणसांच्या जागी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे नागरी तंत्रज्ञ आले. हेलिकॉप्टर तिथेच राहिलं. त्याच ऑगस्टमध्ये जयशंकर जाऊन अड्डूतल्या जोडरस्त्याचं आणि भरावाच्या कामाचं उद्‌घाटन करून आले. गणवेश गेला, काम राहिलं. हे ब्रिटिशांच्या नेमकं उलटं झालं. त्यांचा गणवेश गेला आणि कामही गेलं.

आणि हे मॉरिशसच्या बाबतीतही लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अगलेगा बेटावर आपण तीन किलोमीटरची धावपट्टी बांधून दिली. तिथेही माणसं राहतात.

कास्कावेलकर

तीनशेएक माणसं राहतात. तीही हेच विचारतात, आम्हाला कुठे हलवणार? सरकार म्हणतं हलवणार नाही, तळ नाही, फक्त धावपट्टी आणि धक्का. चागोसचं बघितलेला माणूस लगेच विश्वास ठेवत नाही. मला वाटतं भारत तसं करणार नाही. पण मी इथल्या बाजूने बोलतोय, तुम्ही तिथल्या बाजूने वाचताय, म्हणून सांगून ठेवलं.

पानगळ

सांगितलंत ते बरं झालं. धागा काढताना वाटलं होतं ‘चूक होती / नव्हती’ एवढंच मतदान होईल.

खडूसकाका, शेवटचं विचारतो: १९७६ मध्ये तुम्ही लंडनमध्ये खुर्चीवर असता तर काय केलं असतं?

खडूसकाका

बंदच केलं असतं, तुझ्या रागाची पर्वा न करता. पण झेंडा उतरवायच्या आधी दोन वर्षं तरी इस्पितळ चालू ठेवलं असतं आणि धावपट्टी मालदीवच्या हाती चालती द्यायची सोय केली असती. तेवढा खर्च व्हल्कनच्या एका फेरीत निघाला असता. हा माझा अंदाज, आकडे मागू नकोस.

आता एक विचारतो. ते मेसचं हॉटेल अजून चालू आहे ना? हिला तीन वर्षं समुद्र दाखवतो म्हणतोय. दिवेआगरला तिचं समाधान होत नाही.

पानगळ

जानेवारीत तरी चालू होतं. पण आता कळलं, तळाला किंमत नाही म्हणणाऱ्यालाच तिथे जायचंय!

सुरंगी

काका, जा. गानवर सायकल भाड्याने घ्या आणि जोडरस्त्याने हितधूपर्यंत जा, वाटेत फेयधू आणि मरधू लागतं. सकाळी न्याहारीला मस हुनी मागा, म्हणजे टूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, आपल्या पोळीसारखीच. काकू मासे खात नसतील तर आधी सांगा, नाहीतर चहातच दिवस काढावा लागेल.

खडूसकाका

ती मालवणची आहे. अडचण माझी आहे, मी सदाशिव पेठेतला.